वापरू नये

फोन आला तेव्हा तो मटार सोलत बसला होता. फोन ठेवला तेव्हा दाणे कचऱ्याच्या पिशवीत आणि सालं पातेल्यात, असा सगळा उलटा कारभार झालेला होता. लक्षात आल्यावरही त्याने तो सुलटा केला नाही, नुसता सालांकडे बघत राहिला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा हात असा बहकला की घरातले घाबरतात, डॉक्टरकडे नेतात, आज वार कोणता, पाच आणि सात किती, असले प्रश्न विचारतात. पण घरात कोणी नव्हतंच. मुलगी तिच्या औषधांच्या दुकानात होती, दोनला जेवायला येणार होती. आत्ता अकरा वाजून गेले होते. आणि वार त्याला चांगला ठाऊक होता. आजचाही आणि पस्तीस वर्षांपूर्वीचाही.

फोनवर एक मुलगी होती. असेल चाळिशीच्या आसपास, पण त्याच्या वयाला त्या सगळ्या मुलीच. जुन्या मालिका धुऊनपुसून पुन्हा नव्यासारख्या करायच्या, असं तिच्या कंपनीचं काम. "सर, 'पोलादी राजा' आपल्या भाषेत आणणारे तुम्हीच ना?" तिने विचारलं, आणि तो हो म्हणायच्या आत ती सुटलीच. "सर, आमची अख्खी पिढी त्यावर वाढली हो. आता लोक मूळ ॲनिमे बघतात, तेव्हा कळतं की तिकडे आपला हीरो, दादा, मरतो. एकतिसाव्या भागातच मरतो! आणि तुम्ही त्याला वाचवलंत. मी लहानपणी आजारी असायची ना, तर मला वाटायचं, दादा येतोय, तर मीही बरी होईन." तो "हो का, हो का" करत राहिला. कौतुक ऐकताना लोकांची छाती फुगते म्हणतात. याची मान मात्र खाली जात होती, फोनवर समोर कोणी नसतानासुद्धा. मग ती म्हणाली, "आणि सर, तुमच्या जुन्या स्टुडिओचं गोदाम रिकामं करताना टेपांचे डबे मिळालेत. एका डब्यावर लिहिलंय, 'भाग एकतीस, चौथी वेळ, वापरू नये.' अक्षर तुमचं आहे म्हणे. आत जेमतेम चाळीस सेकंद आहेत. बाईंचा आवाज आहे. दादाचा आवाज द्यायच्या, त्याच ना?"

"माझी बायको," तो म्हणाला.

"अगंबाई! मग पाठवू का तुम्हाला फोनवर?"

"नको," तो म्हणाला. "पुसून टाका ते."

आणि फोन ठेवला. पस्तीस वर्षं आपल्याला लाज वाटते आहे, असं हा माणूस धरून चालला होता. लाज वाटते म्हणजे निदान आत कुठेतरी आपण बरे आहोत, असा एक छुपा हिशेब त्यामागे होताच. आणि वेळ आली तेव्हा जीभ कशी चटकन वळली! पुसून टाका. जरासुद्धा अडखळली नाही. त्याला मटारांच्या सालांसमोर इतकं लाजिरवाणं वाटलं की उठून दुसरीकडे बघावं म्हणून त्याने फ्रिज उघडला. आत, वरच्या फळीवर, बशीखाली झाकलेला पेस्ट्रीचा अर्धा तुकडा होता. त्याने फ्रिज बंद केला.

तो अर्धा तुकडा त्या घरात नेहमीचाच होता. मुलगी कुठलीही गोड गोष्ट अख्खी खात नसे. सफरचंद असो, केक असो, चॉकलेटची वडी असो, अर्धं खाऊन अर्धं झाकून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच खाऊन टाकायची. दुकानातल्या मुलींना वाटे, बाई वजन सांभाळतात. तिच्या नवऱ्याला, जेव्हा होता तेव्हा, ती कंजूष वाटे. हे अर्धं कोणासाठी होतं हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि ती दोन माणसं रोज एका टेबलाशी बसून त्याविषयी ब्र काढत नसत.

स्टुडिओत त्याला सगळे शिंपी म्हणत. परदेशातून रिळं येत. त्यात घरांच्या छपरांवरून चालत जाणारा एक अगडबंब पोलादी पुतळा, त्याच्या छातीत बसून तो चालवणारा सोळा वर्षांचा मुलगा, त्या मुलाची धाकटी बहीण, आणि दर भागात आकाशातून उतरणारं शत्रूचं एक नवं यंत्र. चित्रं त्या देशातली, भाषा त्या देशातली, दुःखही तिथलंच. तिथल्या लोकांनी खरी लढाई पाहिलेली असावी, कारण त्यांच्या मालिकेत माणसं पटापट मरत आणि उरलेली गप्प बसून जेवत. एक भाषांतरवाल्या बाई होत्या, त्या देशात बरीच वर्षं राहून आलेल्या. त्या एकेक वाक्याचा नुसता शब्दशः अर्थ टाइप करून पाठवत. मग याचं काम सुरू. चित्रातलं तोंड जितक्या वेळा उघडतं तितक्याच वेळा उघडेल असं वाक्य बेतायचं. कुठे दोन शब्द आत घ्यायचे, कुठे एक उसवायचा. नावं तर कोणाच्या जिभेवर बसणारी नव्हतीच, म्हणून मुलाला 'दादा' केलं आणि बहिणीला 'छोटी'. या कामाने त्याला एक खोड लागली ती कायमची. माणूस बोलायला लागला की याचं लक्ष ओठांकडे. डॉक्टर सांगत असतात काय, हा मोजतो आहे काय. मुलीच्या लग्नात व्याही भाषण करत होते तेव्हाही हा मोजतच होता.

शिवाय वाहिनीच्या साहेबांनी भिंतीवर एक कागद डकवला होता. मरण नाही. रक्त नाही. आईबाप हरवलेले चालतील, मेलेले चालणार नाहीत. रडणं तीन सेकंदांच्या वर नाही. आता ज्या मालिकेत दर भागात एक यंत्र फुटून त्याचा धूर होतो, तिथे मरण नाही हे जमायचं कसं? त्यावर यानेच तोड काढली. यंत्र फुटलं की पोलादी राजाच्या आतून दादा ओरडे, "काळजी नको, आत कोणी नव्हतं!" दर भागात एकदा तरी. मुलं गल्लीत खेळताना तेच ओरडत. साहेबांनी याची पाठ थोपटली, आणि यालाही स्वतःच्या हुशारीचं असं काही कौतुक वाटलं की तो घरी येऊन बायकोला दोनदोनदा ते म्हणून दाखवायला लावी. तिनेच तर ते म्हणायचं असे. दादाचा आवाज तिचा होता. सोळा वर्षांच्या मुलाचा आवाज बायकांच्या गळ्यातून चांगला निघतो, हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. ही घरात बारीक आवाजात बोलणारी बाई काचेपलीकडे उभी राहिली, कानाला यंत्र लावलं, की पोरगेल्या आवाजात अशी गरजायची की ध्वनिमुद्रक घाईघाईने आवाजाचं बटण मागे ओढायचा. ध्वनिमुद्रकाला या नवराबायकोची सहा वर्षांची मुलगी बटणकाका म्हणे. सुटीच्या दिवशी ती बटणकाकाच्या मांडीवर बसून काचेतून बघे, आणि शाळेत जाऊन सांगे, "दादा म्हणजे माझी आई आहे." पोरं हसत. ती रडत घरी येई. मग आई दादाच्या आवाजात तिची समजूत काढी.

बायकोचा आजार उन्हाळ्याआधी कळला. एकविसावा भाग चालू होता. एकतिसाव्यापर्यंत ती इतकी वाळली की आत उभं राहणं होईना, म्हणून खुर्ची दिली. खुर्ची करकरायची, बटणकाका दर वेळी तेलाची कुपी घेऊन धावायचा. आवाज मात्र ठणठणीत होता, आणि हाच सगळ्यांचा घात झाला. आवाज इतका चांगला असलेलं माणूस जाईल कसं? निदान याने तरी स्वतःला तसं पटवलं होतं.

भाषांतरवाल्या बाईंचा कागद आला. एकतिसावा भाग. पोलादी राजाची छाती फुटली आहे, दादा आत अडकला आहे, समोरच्या पडद्यावर छोटीचा चेहरा दिसतो आहे. आणि दादा म्हणतो, "माझी वाट बघू नकोस. जेवून घे." बस्स, इतकंच. मग धूर. याने रीळ लावून मोजलं. तोंड दहा वेळा उघडत होतं. कागदावरचं वाक्य म्हणून बघितलं. दहा. पुन्हा मोजलं. दहाच. शंभरावर भाग त्याने आयुष्यात शिवले असतील, पण परदेशातलं एक अख्खं वाक्य धक्का न लावता आपल्या भाषेत चपखल बसलं असं ते एकदाच झालं. पुढे आयुष्यभर कोणी विचारलं की मूळ मालिकेत इतका बदल का हो केलात, तर हा हसून सांगायचा, "काय करणार, ओठ जुळायला नकोत का!" लोकांना ते पटायचं. एकतिसाव्या भागाबद्दल मात्र हे उत्तर खोटं होतं, आणि तो ते सगळ्यांना देत आला.

त्याने नवं वाक्य बेतलं. "मी परत येतो, वाट बघ. नक्की हं." तेही दहा. कागद बायकोच्या हातात दिला तेव्हा तिने आधी खालचा, बाईंनी टाइप केलेला कागद वाचला, मग वरचा. "हे का बदललंस?" तिने विचारलं. "भिंतीवर कागद आहे ना," तो म्हणाला. आत जाऊन तिने याचं वाक्य तीन वेळा म्हटलं, तिसरी वेळ पसंत पडली. मग तिने काचेतून बटणकाकाला बोटाने खूण केली, आणखी एक. आणि चौथ्या वेळी तिने खालच्या कागदावरचं म्हटलं. दादाच्या आवाजात नाही, स्वतःच्या. बाहेर आल्यावर पॅसेजमध्ये भिंतीला हात टेकत ती त्याला म्हणाली, "ते आपल्या पोरीसाठी आहे. वेळ आली की ऐकव." तो म्हणाला, "काहीतरीच काय बोलतेस." आणि सवयीने डब्यावर चिठ्ठी लावली. चुकलेल्या, जास्तीच्या, कामाच्या नसलेल्या टेपांवर जे लिहितात तेच लिहिलं. वापरू नये. त्यात त्या क्षणी काही कपट नव्हतं, हे तो शपथेवर सांगू शकला असता. कपट नंतर आलं.

ती तेविसाव्या दिवशी गेली. मुलीला त्या दिवशी आत्याकडे पाठवलं होतं. आत्या म्हणाली, "सांग तिला आता, लपवून किती दिवस लपवशील?" हा म्हणाला, "सांगतो, जरा धीर धर." मुलगी परत आली तेव्हा याच्या तोंडून निघालं, आई लांबच्या दवाखान्यात आहे. जास्त विचार न करता निघालं. भिंतीवरचा कागद त्याच्या इतका अंगात भिनला होता की हरवलेली चालेल, मेलेली चालणार नाही, हे आपोआपच झालं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत शनिवार आला, आणि शनिवारी संध्याकाळी एकतिसावा भाग लागला. मुलगी गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर बसली होती. धूर, छोटीचा चेहरा, आणि मग तिच्या आईचा आवाज, "मी परत येतो, वाट बघ. नक्की हं." मुलगी उडी मारून उठली. "बाबा, आई म्हणाली! ऐकलंत ना?" त्याला त्या वेळी बोलता आलं असतं. एक वाक्य लागलं असतं. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ऐकलं."

त्या रात्रीपासून अर्धं ठेवणं सुरू झालं. आई आल्यावर तिला.

पुढे जे झालं त्याच्यासाठी भिंतीवरच्या कागदालाही दोष देता येत नाही. मुलांची पत्रं पोत्यांनी यायला लागली, दादा कधी येणार? साहेब म्हणाले, दादा हवा, निदान आवाज तरी हवा. मूळ मालिकेत दादा मेलेला, आणि आवाज द्यायला बाई नाही. नवी कोणी आणली असती तर मुलांनी लगेच ओळखलं असतं. तेव्हा यानेच सुचवलं. कोणी विचारलं नसताना सुचवलं. जुन्या टेपांतून शब्द कापून काढायचे, जोडायचे, आणि पोलादी राजाच्या पडद्यावर दादाचा जुना चेहरा दाखवून लांबून संदेश आला म्हणायचं. रविवारी सकाळी स्टुडिओ रिकामा असे. हा आणि बटणकाका, दोघंच. हातात ब्लेड आणि चिकटपट्टी. कुठला शब्द कुठे आहे, हे याला पाठ होतं. 'येतो' तेराव्या भागात, 'लवकर' सतराव्यात, 'छोटे' चौथ्यात आहे पण त्यात मागे स्फोट आहे, बाराव्यातला घे. बटणकाका मुकाट्याने कापायचा. एकदाच म्हणाला, "साहेब, हे बरोबर नाही वाटत." हा म्हणाला, "पोरीसाठी करतोय रे." पण खरं सांगायचं तर त्या सकाळी त्याला सुख होत असे. ती मरून महिना झालेला, आणि हा तिचा 'येतो' पुढेमागे सरकवत, तिचा श्वास कुठे कापला तर सांधा दिसणार नाही हे बघत बसलेला. सांधा दिसेनासा झाला की तो टेबलावर थाप मारायचा. असे नऊ संदेश त्यांनी केले. नवव्याला शब्द संपले. जे उरले होते त्यांतून एवढंच निघालं, "छोटे, थंडी आहे. खिडकी लाव." तो शनिवारी लागला तेव्हा मुलगी उठली आणि खिडकी लावून आली.

मालिका संपली. शेवटी सगळे आकाशाकडे बघत उभे. साहेबांनी केक आणला, टाळ्या झाल्या. दर शनिवारी आवाज ऐकून आई बरी होऊन स्टुडिओत कामाला जाते, असं धरून बसलेल्या त्याच्या मुलीने दुसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "आईचं काम संपलं ना? आता येईल ना घरी?" तो म्हणाला, "बघू." त्या 'बघू'वर विसंबून ती तीन दिवस थांबली आणि चौथ्या दिवशी शाळेतून घरी यायच्या ऐवजी एकटी स्टुडिओत गेली. दप्तरात बिस्किटांचा डबा होता, सगळी अर्धी बिस्किटं. ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेर लाल दिवा लागला होता, आणि लाल दिवा असताना दार ढकलायचं नाही हे तिला आईने शिकवलेलं. म्हणून ती उभी राहिली. दुपारभर उभी होती. आत कोणीतरी साबणाची जाहिरात करत होतं. दिवा विझला, बटणकाका बाहेर आला, आणि तिने विचारलं, "आई आहे ना आत?" बटणकाका तिच्याशेजारी पायरीवर बसला आणि त्याने सांगून टाकलं. जे बापाने सांगायचं ते त्याने सांगितलं. मग तिला घरी पोचवलं. दारात याने डोळ्यांनीच विचारलं, त्याने मान हलवली, आणि न बसता निघून गेला. मुलगी आत जाऊन पलंगावर आडवी झाली. रडली नाही. त्यानंतर बापलेकीत तो विषय निघाला नाही. पहिल्या वर्षी तो भीतीने बोलला नाही, दुसऱ्या वर्षी आता कशाला जखम उकरायची म्हणून, आणि मग न बोलण्याचीच सवय झाली. आणि चौथ्या वेळेचा तो डबा? तो द्यायचा तर आधी बाकीचं सगळं बोलावं लागलं असतं. तेव्हा तो डबा कपाटात, कपाट गोदामात, आणि गोदाम गेलं दुसऱ्या कोणाच्या ताब्यात. याने त्याबद्दल मनातल्या मनात हुश्श केलं होतं, हीसुद्धा लपवण्यासारखीच गोष्ट.

साडेबारा वाजले. सालं अजून पातेल्यातच होती. पुसायला कितीसा वेळ लागतो? पूर्वी टेप पुसायची तर यंत्रावर चढवावी लागे, निदान पाच मिनिटं माणसाला विचार करायला मिळत. आता एक बोट. त्याने फोन उचलला. नंबर लागेना. पुन्हा लावला, ती दुसऱ्याशी बोलत होती. तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदा लागला.

"पुसलंत का हो?" त्याने एकदम विचारलं.

"नाही सर." ती जरा अवघडली. "सॉरी हं. तुम्ही सांगितलंत, पण जुनं काही पुसायचं नाही, असा आमच्याकडे नियमच आहे. वापरणार नाही, पण पुसणारही नाही."

"पाठवा," तो म्हणाला. "आणि एक ऐका. मी दादाला वाचवलं वगैरे तुम्ही म्हणालात ना. तसं नाही ते."

"म्हणजे, सर?"

पण ते तिला सांगायचं नव्हतं. आधी जिचं होतं तिला. त्याने "मग बोलू" म्हणून फोन ठेवला. थोड्या वेळाने टेपेतला आवाज फोनवर आला. त्याने तो लावून बघितला नाही. आत काय आहे ते त्याला माहीत आहे, असं त्याला वाटत होतं.

मुलगी दोनला आली. हात धुताधुता पातेल्यात डोकावली. "काय बाबा, आज सालांची भाजी का?" त्याला हसू आलं नाही. दाणे पिशवीतून वेचून, धुऊन कसेबसे शिजवलेले होते. तिने वाढून घेतलं, त्याला वाढलं. दुकानात कोणी म्हातारा रोज एकाच गोळीची किंमत विचारून जातो, त्याची ती नक्कल करत होती. नक्कल चांगली करायची. आईचा गळा. तो हं हं करत होता, घास काही तोंडात जात नव्हता. तिचं जेवण बिघडवायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. जेवून झाल्यावर तिने सफरचंद कापलं, अर्धं खाल्लं, अर्धं बशीत ठेवलं.

"एक फोन आला होता," तो म्हणाला. "तुला सांगायचं म्हणजे, त्या वेळची परिस्थिती अशी होती की वाहिनीचे काही नियम होते, आणि आमच्या धंद्यात..."

"बाबा, मला साडेतीनला दुकान उघडायचंय."

दीड तास त्याने मनात वाक्यं बेतली होती. त्यातलं एकही आता बसेना. त्याने फोन तिच्या ताटाशेजारी ठेवला. "तुझ्या आईचं आहे. जाण्याआधीचं. तुला ऐकवायला सांगितलं होतं तिने. मी ऐकवलं नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. फोनकडे बघितलं. हाताला सफरचंदाचा रस लागला होता, तो रुमालाला पुसला, आणि बोट टेकवलं.

आधी नुसती खरखर. मग खुर्चीची करकर, आणि बटणकाकाचा तरणा आवाज, "भाग एकतीस, चौथी वेळ." एक श्वास. मग ती. किती तरुण होती! आपल्या मुलीपेक्षा लहान, हे त्याला आजवर कधी सुचलंच नव्हतं. "माझी वाट बघू नकोस. जेवून घे." घाई नाही, रडणं नाही, संध्याकाळी बाहेर जाताना सांगावं तसं. संपलं, असं वाटून त्याने श्वास सोडला. पण टेप संपली नव्हती. फोनमधून एक पुरुषी आवाज आला, हुरळलेला, टेबलावर थाप मारणारा. "वा! काय जुळले गं ओठ! दहाच्या दहा!" त्यावर ती हसली. हसता हसता खोकली. मग म्हणाली, "मग हेच ठेव ना." जरा वेळ काहीच नाही. मग तिचाच आवाज, "बरं." आणि खटका.

हे त्याला आठवतच नव्हतं. अगदी देवाशपथ आठवत नव्हतं. पॅसेज आठवत होता, भिंतीला टेकलेला हात आठवत होता, चिठ्ठी आठवत होती. आपण काचेच्या अलीकडून हे बोललो, ती पोरीचा निरोप घेत असताना आपण मोजत होतो, हे मात्र त्याच्या आठवणीतून कोणीतरी अलगद कापून काढलं होतं, आणि सांधा दिसत नव्हता. तोंड लपवायला जागा नव्हती. टेबल होतं, ताट होतं, समोर मुलगी होती.

"हे तुम्ही?" तिने विचारलं.

"हो."

"ओठ जुळले म्हणालात."

"हो."

"मग बदललं का?"

तोंडाशी आलेलं उत्तर पस्तीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं होतं. "चालत नव्हतं," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "मला चालत नव्हतं."

तिने पुन्हा लावलं. पुन्हा थाप, पुन्हा हसू, पुन्हा "बरं." तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. तो बशीतल्या अर्ध्या सफरचंदाकडे बघत होता. आता ती वळेल आणि ते उचलून खाईल, असं त्याला वाटलं. आईनेच सांगितलं ना, वाट बघू नकोस. चांगलं जुळलं असतं ते, बेतशीर. आणि आपण आत्तासुद्धा, हिच्यासुद्धा पुढ्यात, शेवट बेततो आहोत, हे कळल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. ती वळली. तिने अर्ध्या सफरचंदावर दुसरी बशी झाकली आणि रोजच्यासारखी फ्रिजमध्ये ठेवली. पस्तीस वर्षं हेच करत आलेला हात, तो चाळीस सेकंदांत थोडाच बदलतो.

अडीचच वाजले होते. तिने चपला घातल्या. "फोन मी नेते आहे," ती म्हणाली. तो हो म्हणाला. दारात तिने मागे बघितलं, त्याच्याकडे नाही, त्याच्या भरलेल्या ताटाकडे.

"माझी वाट बघू नका. जेवून घ्या."

तशी ती दुकानात माल यायचा असला की दर आठवड्याला हेच सांगून जायची. आज कशी म्हणाली, रोजच्यासारखी की त्या आवाजासारखी, हे त्याला सांगता आलं नसतं, कारण त्याचं लक्ष, तो नको नको म्हणत असतानाही, तिच्या ओठांकडे गेलं होतं. दहा. दार लागलं. जिन्यावरची तिची पावलं खाली जात जात ऐकू येईनाशी झाली. त्याने ताटावर झाकण ठेवलं, आणि वाट बघत बसला.